दुसरी पाळी

बोरगाव हे आमचे गाव छिंदवाडा–नागपूर रस्त्यावर, सौसर तहसिलीत आहे. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आमचा हा मराठी बोलणारा पट्टा मध्य प्रदेशातच राहिला. 2023 साली छिंदवाड्यातून पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला आणि आमच्या पत्त्यातील एक शब्द बदलला. माती मात्र तीच राहिली : काळी, भारी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडणारी आणि पावसाळ्यात चपलेला न सोडणारी. शासकीय सेवेतून निवृत्त होऊन आम्ही या मातीकडे परतलो, तेव्हा वडिलांच्या मागे राहिलेले चार एकर वावर आणि त्याला लागून असलेली संत्र्याची लहानशी बाग एवढी आमची मिळकत होती. उभ्या नोकरीत इतरांच्या जमिनींचे कागद हाताळले. स्वतःच्या जमिनीविषयी निर्णय घेण्याची वेळ प्रथमच आली होती.

पहिल्याच उन्हाळ्यात आम्ही शेजारच्या गावातील एका तरुणाचा ट्रॅक्टर भाड्याने बोलावला. त्याला मागे रोटाव्हेटर जोडलेला होता. दीड-दोन तासांत अर्धे वावर उलथून निघाले. पऱ्हाटीची धसकटे, गवत, ढेकळे, सारे काही दिसेनासे झाले. आम्ही धुऱ्यावर बाभळीच्या सावलीत उभे होतो. तो मुलगा ट्रॅक्टर थांबवून म्हणाला, “काकाजी, अजून एक पाळी मारून देऊ का? मातीचं पीठ होऊन जाईल.”

आम्ही मान डोलावली. त्या एका होकाराविषयी हा लेख आहे.

प्रथम यंत्राविषयी थोडे सांगणे आवश्यक वाटते, कारण दोष यंत्राला देऊन मोकळे होण्याची सोय आम्हांला नको आहे. नांगर ओढला जातो. तो माती चिरतो आणि पालथी करतो. रोटाव्हेटरचे तसे नाही. ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूस, ज्याला चालक मंडळी पीटीओ म्हणतात, तो फिरता दांडा मिनिटाला 540 फेऱ्यांच्या गतीने चालतो आणि त्याच्या बळावर रोटाव्हेटरचा आडवा कणा फिरतो. कण्यावर इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या आकाराची वाकडी पाती बसविलेली असतात. ती मातीवर एकामागून एक प्रहार करतात व चार ते सहा इंचांपर्यंतचा थर भुसभुशीत करून टाकतात. म्हणजे येथे माती नुसती उलटली जात नाही, ती कुटली जाते.

या यंत्राचा जनक आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड हा ऑस्ट्रेलियन होता. न्यू साउथ वेल्समधील गिलगांड्रा येथे वडिलांच्या शेतावर 1912 साली, वयाच्या विशीच्या आतच, त्याने फिरत्या पात्यांचे प्रयोग सुरू केले. आरंभीची पाती माती बाजूला उडवीत. ती वाकडी करताच हा दोष गेला. 1920 मध्ये त्याने पेटंट घेतले, 1922 मध्ये कंपनी काढली. पुढे रूढ झालेले ‘रोटाव्हेटर’ हे नाव रोमन लिपीत उलटे वाचले तरी तेच राहते, ही एक गंमत. परंतु आम्हांला अधिक विचार करण्याजोगी वाटते ती दुसरी गोष्ट. नेहमीच्या नांगरटीने माती दबून घट्ट होते, ती तशी न होता मशागत करता यावी, हा त्या तरुणाच्या प्रयोगाचा हेतू होता. आणि आज या यंत्राविषयीची मोठी तक्रार हीच आहे, की त्याच खोलीवर वर्षानुवर्षे फिरविल्यास पात्यांच्या खाली एक घट्ट थर तयार होतो, ज्यातून पाणी झिरपत नाही आणि मुळे उतरत नाहीत. सद्हेतूने केलेली गोष्ट अतिरेकाने स्वतःच्याच हेतूवर उलटावी, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण आम्हांला आठवत नाही.

आता आमच्या होकाराचे फळ सांगतो.

दोन पाळ्यांनंतर वावर असे दिसू लागले, की पाहणाऱ्याने थांबून पाहावे. सपाट, मऊ, एकसारखे. दोन दिवस आम्ही सकाळ-संध्याकाळ केवळ पाहण्यासाठी शेतावर गेलो. आमच्या वावराला पूर्वेकडे थोडा उतार आहे आणि ट्रॅक्टर उताराच्या दिशेनेच चालविला गेला होता, कारण तसे केल्याने वळणे कमी पडतात. हेही आमच्या संमतीने झाले होते. जून महिन्यात पहिला मोठा पाऊस एका रात्रीत कोसळला. सकाळी पाहतो, तो पिठासारख्या मातीवर पापुद्रा धरलेला, मधूनमधून बोटभर खोल ओघळ पडलेले, आणि धुऱ्याच्या पलीकडे, उताराच्या खालच्या वावरात, चिखलाची एक लांबरुंद जीभ पसरलेली.

ते वावर आमच्या दिवंगत शेजाऱ्यांच्या पत्नीचे आहे. वयाने त्या आमच्याहून मोठ्या. आम्ही त्यांना वहिनी म्हणतो. अदल्याच दिवशी त्यांनी धूळपेरणीने सरकी टोबली होती. धुऱ्यालगतचे त्यांचे चार-पाच तास आमच्या गाळाखाली गाडले गेले होते. आम्ही ओशाळून उभे राहिलो. त्या रागावल्या नाहीत. हातातली काडी गाळात खुपसून त्याची जाडी पाहत एवढेच म्हणाल्या, “भाऊजी, तुमची माती आमच्या वावरात येऊन बसली. आता वापस कशी करू, तुम्हीच सांगा.”

बियाण्याची भरपाई आम्ही केली. ती त्यांनी संकोचाने घेतली. पण पहिल्या पावसाची वेळ कोणाला भरून देता येत नाही. आणि त्यांच्या प्रश्नाचे उत्तर तर आमच्यापाशी मुळीच नव्हते. गेलेली माती परत येत नसते. इंचभर माती तयार व्हायला निसर्गाला शेकडो वर्षे लागतात, हे आम्ही बैठकांतून अनेकदा ऐकले होते आणि सांगितलेही होते. ऐकणे, सांगणे आणि जाणणे यांतले अंतर त्या सकाळी कळले.

असे का झाले, हे कळण्यास मोठे शास्त्र लागत नाही. ज्याला आपण ढेकूळ म्हणून तुच्छ लेखतो, ती मातीची रचना असते. मुळांचा व गांडुळांचा चिकट स्राव, बुरशीचे सूक्ष्म धागे आणि कुजलेला पालापाचोळा यांनी मातीचे कण एकमेकांना धरून ठेवलेले असतात. त्यांच्यामधल्या पोकळ्यांतून पाणी व हवा खेळते. ही बांधणी कुटून मोडली, की पावसाच्या थेंबांनी सुटे झालेले बारीक कण त्या पोकळ्या बुजवितात आणि पाणी आत जाण्याऐवजी वाहू लागते. चार्ल्स डार्विनने 1881 मध्ये गांडुळांवर जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात मनुष्याने नांगर शोधण्याच्या कितीतरी आधीपासून गांडुळे जमीन नांगरीत आली आहेत, असे प्रतिपादन केले होते. आमच्या वावरातले ते नांगरकरी आम्ही दोन तासांत कापून काढले, आणि वर भाडेही मोजले.

येथे नैतिक प्रश्न उभा राहतो. दोष कोणाचा? चालकाचा म्हणावा, तर त्याने विचारले होते. पावसाचा म्हणावा, तर पाऊस प्रत्येक वर्षी पडतो. यंत्राचा म्हणावा, तर तेच यंत्र पिकाची धसकटे जाळण्याऐवजी मातीत मिसळून देते, हिरवळीचे खत गाडते, भाताची चिखलणी सुकर करते. दोष होकाराचा होता, आणि होकार आमचा होता.

मध्य प्रदेशच्या 1959 च्या भू-राजस्व संहितेने जमीनधारकास एक भारदस्त शब्द दिला आहे : भूमिस्वामी. हा शब्द आम्ही नोकरीत किती वेळा लिहिला असेल याची गणती नाही. परंतु भूमीचे स्वामित्व म्हणजे नेमके काय? आमच्या परंपरेत या प्रश्नाचा एक मार्मिक विचार आहे. जैमिनीच्या मीमांसासूत्रांत विश्वजित यज्ञाची चर्चा येते. या यज्ञात यजमानाने आपले सर्वस्व दान करावयाचे असते. मग राजाने भूमीही दान करावी काय? मीमांसकांचे उत्तर नकारार्थी आहे, कारण भूमी सर्वांना सारखीच आहे. राजाकडे रक्षण आहे आणि रक्षणाबद्दल उत्पन्नाचा वाटा आहे. खुद्द पृथ्वी त्याची नाही. जे सम्राटाला देता येत नाही, ते चार एकरांच्या धन्याला नासविता कसे येईल? दप्तरात नोंद असते ती सीमेची. माती सीमा मानीत नाही, हे वहिनींच्या वावरात आम्ही पाहिले.

मग जमिनीला हातच लावू नये काय? हा विचारही जुना आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शेतीला लोक चांगली म्हणत असले तरी सज्जन तिची निंदा करतात असे म्हटले आहे, कारण लोखंडी तोंडाचे लाकूड भूमीला आणि तिच्यात राहणाऱ्या जीवांना मारते. अश्वघोषाच्या बुद्धचरितात तरुण सिद्धार्थ नांगरलेली जमीन आणि तीत मेलेले किडे पाहून, आप्त मरावेत तसा शोक करतो. आमच्या काळात जपानच्या मासानोबू फुकुओका यांनी नांगरटीविना शेतीचा आग्रह धरला, आणि होशंगाबादजवळच्या, म्हणजे आताच्या नर्मदापुरमजवळच्या, रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटरमध्ये त्या विचारावर प्रत्यक्ष प्रयोग झाले. या सर्वांविषयी आम्हांला आदर आहे. परंतु मनूचे वचन पाळणाराही अन्न खातोच, आणि ते कोणीतरी जमीन फोडूनच पिकविलेले असते. आपल्या वाट्याची हिंसा शेतकऱ्याकडे सोपवून स्वतः स्वच्छ राहण्यात धर्म आहे, असे आम्हांस वाटत नाही.

यापेक्षा आम्हांला अथर्ववेदातील भूमिसूक्त अधिक जवळचे वाटते. त्यात ऋषी पृथ्वीला सांगतो, की तुझे मी जे खणीन ते लवकर भरून येवो, आणि माझ्या हातून तुझ्या मर्माला, तुझ्या हृदयाला इजा न होवो. न खणण्याची ही प्रतिज्ञा नव्हे. खणणे भाग आहे हे मान्य करून कोठे थांबावे याचे भान मागणारी ती प्रार्थना आहे. जखम आणि मर्मभेद यांतला भेद तिला ठाऊक आहे. भरून येईल इतके खणण्याची परवानगी आहे. भरून न येणारे खणण्याची नाही. मशागतीचे संपूर्ण नीतिशास्त्र या भेदात सामावले आहे, असे आमचे मत झाले आहे.

हे भान आमच्या पूर्वजांना होते आणि आम्ही गमावले, असे म्हणून लेख संपविता आला असता. वाचकांनाही ते गोड लागले असते. परंतु ते खरे नव्हे, म्हणून थोडे अप्रिय बोलणे भाग आहे.

आमच्या आजोबांच्या काळी या भागात काळ्या भारी जमिनीला दरवर्षी खोल नांगरट देण्याची रीत नव्हती. बहुतेक काम वखरावर भागे. बैलजोडीने दिवसभरात जेमतेम एकरभर काम उरके. दुपार कलली, बैलांच्या तोंडाला फेस आला, की औत सोडावे लागे. जमिनीला मिळणारी विश्रांती ही बैलांच्या थकव्याची देणगी होती. आजोबांपाशी ट्रॅक्टर असता तर त्यांनी तो आवरता धरला असता, असे मानण्यास आमच्याजवळ पुरावा नाही. ते तापट होते आणि तुतारीची आर त्यांच्या हाती नेहमी असे. बैलांच्या खांद्यावरच्या जखमा आम्ही लहानपणी पाहिल्या आहेत. पोळ्याच्या आदल्या दिवशी ते खांदे हळद-तुपाने चोळले जात, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी खाऊ घातली जाई. ती कृतज्ञता खरी होती. पण वर्षभराच्या ओझ्यानंतरची ती एक दिवसाची कृतज्ञता होती. बैलांची या कष्टांतून सुटका झाली याचे आम्हांला दुःख नाही.

सांगावयाचे ते हे, की ज्याला आपण जुन्या शेतीचा संयम म्हणतो, तो बैलाचा होता, आपला नव्हता. बैल थांबे म्हणून माणूस थांबे. यंत्र थकत नाही. डिझेल आहे तोवर ते तिसरी पाळी मारील, चौथीही मारील. तेव्हा मर्यादा जी आजवर बाहेरून येत होती, ती आता आतून आणावी लागणार. या अर्थाने यंत्राने आपली नीती बिघडविली नाही. आपल्यापाशी ती कितपत होती, हा प्रश्न प्रथमच विचारला. “अजून एक पाळी मारून देऊ का?” या साध्या वाक्यात तोच प्रश्न होता, आणि आम्ही तो ओळखला नाही.

यावर एक आक्षेप येईल व तो गंभीर आहे. मृगाचा पाऊस तोंडावर आलेला, मजूर मिळत नाहीत, कारण तरुण मुले बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात पाळीवर जातात. भाड्याचा ट्रॅक्टर आज आहे, उद्या दुसऱ्याच्या वावरात असेल. अशा लहान शेतकऱ्याला मर्यादेचे तत्त्वज्ञान सांगणे हे निवृत्तिवेतन घेणाऱ्याला सोपे आहे. हा आक्षेप आम्ही मान्य करतो. गरजेने मारलेली एक पाळी आणि हौसेने मारलेली दुसरी, यांत नैतिक अंतर आहे. वहिनींनी उद्या रोटाव्हेटर बोलावला, तर त्यांना दोष देण्याचा अधिकार आम्हांला नाही. पण म्हणूनच आमचा दोष अधिक ठरतो. आम्हांला घाई नव्हती, निकड नव्हती. पोटासाठी नव्हे, डोळ्यांसाठी आम्ही ती दुसरी पाळी मागितली. टेबलावर एकही कागद शिल्लक नसावा, ही कचेरीतली सवय आम्ही शेतात नेली आणि ढेकळांना प्रलंबित प्रकरणे समजलो. नीटनेटकेपणा हा सद्गुण आहे असे आम्ही आयुष्यभर मानले. तो एक प्रकारचा अहंकारही असू शकतो, हे साठीनंतर समजले.

बागेतही आम्ही असाच नीटनेटकेपणा करायला निघालो होतो. संत्र्याची अन्न शोषणारी बारीक मुळे वरच्या थरातच पसरलेली असतात. झाडाच्या घेराखाली पाती फिरली की ती तुटतात, आणि जखमी मुळांतून बुरशीला वाट मिळते. डिंक्यासारखे रोग अशाच बुरशीमुळे होतात. वडिलांनी लावलेल्या झाडांच्या दोन ओळींत आम्ही यंत्र शिरू दिले होते. तिसऱ्या ओळीपूर्वी ते थांबले, तेही आमच्या शहाणपणाने नव्हे. फांद्या आडव्या आल्या म्हणून.

त्यानंतर आम्ही स्वतःसाठी काही नियम घातले आहेत. ते कोणावर लादण्याचा हेतू नाही. रोटाव्हेटर दरवर्षी नाही. जेव्हा असेल तेव्हा एकच पाळी, तीही उताराला आडवी. माती मुठीत धरून पाहिल्यावर ती चिकटत असेल किंवा दगडासारखी असेल, तर त्या दिवशी काम नाही. झाडांच्या घेराखाली फक्त हाताने निंदण. धुऱ्याच्या अलीकडे पाच हात रुंद पट्टा गवताचा, ज्याला कोणतेही यंत्र शिवणार नाही. हा शेवटचा नियम वहिनींचा. भरपाई घेताना त्यांनी मागितलेली तेवढी एकच गोष्ट. “पैसे राहू द्या,” त्या म्हणाल्या होत्या, “जरासं गवत राहू द्या धुऱ्याला.” आम्ही दोन्ही मान्य केले.

नियम पाळणे अवघड नाही, पण बोचते. एकाच पाळीने वावर खडबडीत दिसते. येणारे-जाणारे विचारतात, काम अर्धवट का सोडले? पापुद्रा आणि ओघळ आता कमी झाले आहेत, तथापि त्याचे श्रेय नियमांना द्यावे की पावसाच्या कृपेला, हे दोन-चार वर्षांच्या अनुभवावरून सांगण्याचे धाडस आम्ही करीत नाही. आमच्या वावरातून गेलेली माती वहिनींच्या वावरात अजूनही आहे. त्या तुकड्यात त्यांची तूर यंदा चांगली आली, असे त्यांनीच सांगितले. त्यात उपरोध नव्हता.

गेल्या वैशाखात तोच तरुण तोच ट्रॅक्टर घेऊन आला. पहिली पाळी संपवून त्याने सवयीने विचारले, “काकाजी, अजून एक?” आम्ही वावराकडे पाहिले. ढेकळे होती, मधूनमधून पऱ्हाटीची काडी वर आलेली होती. मनात पुन्हा तीच इच्छा उठली, हे कबूल करतो. ती जात नाही. मग आम्ही त्याला पैसे दिले आणि म्हणालो, “नाही बेटा, पुरे.” तो थोडा नवलाने हसला, रोटाव्हेटर वर उचलून घेतला आणि पुढच्या वावराकडे निघून गेला.